कामाचा उरक कसा वाढवावा: हातातली कामं मोजण्यापासून आठवड्याच्या आढाव्यापर्यंत

दिवसभर मान वर करायला फुरसत नसते, आणि तरी संध्याकाळी सर्वांत महत्त्वाचं काम सकाळी होतं तिथेच असतं. ही तक्रार आळशी माणसाची क्वचित असते, बहुधा कामसू माणसाचीच असते. तिचं मूळ वेगात कमी आणि एकाच वेळी किती कामं उघडी ठेवली आहेत यात जास्त असतं. आपल्याकडे किती कामं उघडी आहेत, हे विचारल्यावर बहुतेकांना नक्की सांगता येत नाही.

हा आकडा का महत्त्वाचा, याला गणिताचा आधार आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक साधा नियम सिद्ध केला. कामाची आवक आणि निपटारा साधारण बरोबरीत चालले असतील, तर एक काम पुरं व्हायला लागणारा सरासरी काळ म्हणजे उघड्या कामांची संख्या भागिले निपटाऱ्याचा वेग. हातात २४ कामं आहेत आणि आठवड्याला ६ उरकतात, तर प्रत्येक काम सरासरी ४ आठवडे रेंगाळणार. वेग तोच ठेवून हातातली कामं १२ वर आणली, तर २ आठवडे. बाकीची कामं दाराबाहेर थांबतात हे खरं, पण ती अर्धवट नसतात, त्यांच्याविषयी रोज कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि त्यांतली काही थांबल्या जागीच रद्द होतात. पुढची सगळी पद्धत याच हिशेबावर उभी आहे.

आधी सगळी आवक एका जागी आणा

सलग दोन तास मोकळे काढा. कागद घ्या आणि तुमच्याकडे काम कोणकोणत्या वाटांनी येतं ते लिहा: ईमेल, चॅटचे ग्रुप, फोन, बैठका, टेबलाशी येऊन सांगितलेली तोंडी कामं, कागदपत्रं, आणि स्वतःच्या डोक्यात येणारं ‘अरे, हे राहिलंच’. बहुतेकांच्या अशा सहा-सात वाटा निघतात. आता एकेक वाट धरून मागच्या महिन्याभरात तिथून आलेलं आणि न संपलेलं प्रत्येक काम एका यादीत उतरवा. क्रम लावू नका, वर्गवारी करू नका, मध्येच कोणतं काम करायलाही घेऊ नका. यादी ५० ते १०० ओळींची झाली तर घाबरू नका. ही कामं आधीही होतीच, फक्त विखुरलेली होती.

यादी वहीत ठेवायची की ॲपमध्ये? दिवस टेबलाशी जात असेल तर वही उत्तम, फिरतीचं काम असेल तर फोन. दोन्हींत अर्धी-अर्धी मात्र नको. दर महिन्याला नवं ॲप शोधणं हाही काम टाळण्याचाच एक प्रकार आहे.

ही यादी पुढे सहसा फसते ती नोंद लिहिण्याच्या पद्धतीमुळे. ‘वार्षिक अहवाल’ ही नोंद म्हणजे काम नाही, विषय झाला. ती वाचली की दर वेळी नव्याने विचार करावा लागतो, म्हणून डोळे तिच्यावरून पुढे सरकतात. ‘अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणासाठी लेखाविभागाकडून खर्चाचे आकडे मागवणे’ ही नोंद करता येते. परीक्षा सोपी आहे: ओळ वाचल्यावर पहिली हालचाल कोणती करायची हे लगेच दिसलं पाहिजे. फोन उचलायचा, फाइल उघडायची, की अमुक माणसाला विचारायचं?

एका बैठकीत न संपणारं काम हा प्रकल्प समजा. प्रकल्पांची यादी वेगळी ठेवा. तिथे प्रकल्पाचं नाव आणि तो संपला हे कशावरून ओळखायचं याची एक ओळ पुरे. रोजच्या यादीत त्या प्रकल्पाचं फक्त पुढचं एक पाऊल येतं. प्रकल्पाच्या सगळ्या पायऱ्या रोजच्या यादीत ओतल्या की यादी वाचवत नाही.

मग मोठ्या यादीचे चार भाग करा: ‘चालू’, ‘पुढे’ (यानंतर घ्यायचं), ‘वाट पाहतोय’ (दुसऱ्याकडे अडकलेलं) आणि ‘कधीतरी’ (घाई नसलेलं). कॅलेंडर हे पाचवं, पण त्यात फक्त खरी तारीख असलेल्या गोष्टी जातात: बैठक, अंतिम मुदत, प्रवास. ‘मंगळवारी करून टाकू’ अशा सदिच्छा कॅलेंडरवर टाकल्या की त्या सरकतात, मग कॅलेंडरवरचं काय खरं आणि काय हौसेचं हे कळेनासं होतं, आणि एक दिवस खरी मुदतही त्यात हुकते. स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेला वेळ कॅलेंडरवर जरूर टाका, पण तो बैठकीइतकाच पाळायचा असेल तरच.

लिहून काढल्याने डोकं हलकं होतं, याला प्रयोगाचाही आधार आहे. मासिकाम्पो आणि बाऊमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की अपुरी कामं मध्येमध्ये डोकावून लक्ष विचलित करतात, पण ते काम कसं करायचं याची नेमकी योजना केली की, काम व्हायच्या आधीच, हा त्रास कमी होतो. यातला ‘नेमकी’ हा भाग वगळून नुसती शीर्षकं लिहिली तर यादी लांबते आणि डोकं तसंच भरलेलं राहतं.

‘चालू’वर मर्यादा घाला

‘चालू’ म्हणजे सुरू केलेलं आणि न संपलेलं. एकट्याने करायच्या बौद्धिक कामासाठी तीनची मर्यादा चालते. एक मोठं, दोन मध्यम. ग्राहकसेवेसारख्या लहान लहान कामांच्या नोकरीत पाच-सहा चालतील. चौथं काम आत यायचं असेल तर आतलं एक संपलं पाहिजे, किंवा जाणीवपूर्वक ‘पुढे’मध्ये परत गेलं पाहिजे. ते परत पाठवताना जरा अवघडल्यासारखं वाटतं. वाटू द्या. मर्यादा त्यासाठीच आहे.

इथे हटकून होणारी फसवणूक म्हणजे अडकलेलं काम. कोणाची मंजुरी हवी आहे, आकडे यायचे आहेत, म्हणून ते ‘वाट पाहतोय’मध्ये जातं आणि जागा रिकामी झाली म्हणून नवं काम आत येतं. असं चार वेळा झालं की चार भिजत घोंगडी तयार, आणि चौघांची उत्तरं एकाच दिवशी येतात. म्हणून ‘वाट पाहतोय’मधल्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: कोणाकडून काय हवं, मागितलं कधी, आणि पाठपुरावा कोणत्या तारखेला करायचा. शिवाय या यादीलाही मर्यादा ठेवा. दहाच्या वर गेली तर त्या दिवशी नवं काम सुरू करण्याआधी जुने दोन-तीन तिढे सोडवायला फोन करा. अशा ठिकाणी पाचव्या ईमेलपेक्षा तीन मिनिटांचा फोन बरा.

काम घेतानाच चार प्रश्न विचारा

नंतरचा बराचसा गोंधळ काम स्वीकारण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात ठरतो. तिथेच विचारा:

१. शेवटी हातात नेमकं काय हवं? एक पानाचं टिपण, की वीस पानांचा अहवाल?
२. कधीपर्यंत, आणि ती तारीख कशामुळे? ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे शुक्रवारी सकाळी टेबलावर, की दिवस संपेपर्यंत? तारखेमागे सोमवारची बैठक आहे असं कळलं तर अनेकदा रविवारपर्यंत सवड निघते. कधी उलटही होतं, बैठकीआधी कोणीतरी ते वाचायचं असतं आणि खरी मुदत गुरुवार निघते.
३. काम बरोबर झालं की नाही हे कोण ठरवणार? काम सांगणारा आणि पसंत करणारा अनेकदा वेगळा असतो.
४. आधीचा एखादा नमुना आहे का?

वरिष्ठांना ‘नाही’ म्हणणं सगळ्यांना जमत नाही, आणि बरेचदा म्हणायची गरजही नसते. हातातलं समोर ठेवायचं आणि निवड त्यांच्याकडे द्यायची: ‘करतो. सध्या माझ्याकडे अंदाजपत्रक आणि प्रशिक्षणाचं साहित्य ही दोन कामं चालू आहेत, दोन्ही या आठवड्यात द्यायची आहेत. हे आधी हवं असेल तर त्यातलं कोणतं मागे सरकवू?’ हे म्हणायला यादी तयार असावी लागते. यादी नसताना ‘माझ्याकडे खूप काम आहे’ म्हटलं की ते रडगाणं वाटतं, आणि ऐकणाऱ्याला त्यावर काही ठरवताही येत नाही.

मोठ्या कामाचा कच्चा आराखडा मुदतीच्या पहिल्या एक-तृतीयांश काळातच दाखवा. मथळे, मांडणीचा क्रम, दोन-तीन नमुन्याचे परिच्छेद एवढंच. पूर्ण सजवलेलं काम चुकीच्या दिशेने गेलं असेल तर दुरुस्ती महाग पडते, शिवाय समोरचाही संकोचाने खरं बोलत नाही.

दिवसात खरोखर किती वेळ असतो

कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या एका ठरावीक चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ हे नाव दिलं: मागे अशी कामं लांबली होती हे माहीत असूनही माणूस नव्या कामाला कमी वेळ धरतो. ‘यापुढे नीट अंदाज करीन’ असं ठरवून ही चूक जात नाही. मागचे आकडे समोर असले तर जाते.

दोन आठवडे एवढंच करा. प्रत्येक कामापुढे सुरुवातीला अंदाज लिहा आणि संपल्यावर प्रत्यक्ष लागलेली मिनिटं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की कामांच्या प्रकारानुसार गुणोत्तर काढा. लेखनाला ४० मिनिटं धरली आणि ७० लागली, तर गुणक १.७५. नेहमीच्या तक्त्यांना कदाचित १.१ निघेल. ज्यात दुसऱ्या माणसाची गरज लागते त्या कामांचा गुणक सहसा सर्वांत मोठा येतो. यापुढे मनातल्या अंदाजाला त्या प्रकारच्या गुणकाने गुणायचं. दोन आठवड्यांनंतर मोजणं बंद केलं तरी चालेल. आयुष्यभर मिनिटांची वही ठेवणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

आता दिवसाचा हिशेब मांडा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. जेवण आणि चहा ६०, राहिली ४२०. बैठका ९०, राहिली ३३०. ईमेल-संदेश तीन वेळा २५ मिनिटं, राहिली २५५. अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी ६०, राहिली १९५. म्हणजे स्वतःच्या ठरवलेल्या कामाला सव्वातीन तास, आणि गुणक १.५ असेल तर मनातल्या अंदाजाने फक्त १३० मिनिटांचं काम त्यात बसतं. लोक सकाळी सहा तासांची यादी करतात ती याच १३० मिनिटांच्या जागेसाठी. ती यादी कधीच पुरी होत नाही, आणि काही दिवसांनी माणूस यादी करणंच सोडतो.

अचानक कामांसाठीची ६० मिनिटं उरली, तर ‘पुढे’मधलं एक लहान काम घ्या. ती मिनिटं आधीच भरून ठेवू नका.

सलग वेळ आणि मध्येच येणारे अडथळे

त्या १९५ मिनिटांतून दोन सलग तुकडे काढा, ६० ते ९० मिनिटांचे. तुमचं डोकं दिवसाच्या ज्या भागात ताजं असतं तिथे अवघड काम ठेवा. अनेकांना दुपारच्या जेवणानंतर सुस्ती येते, तिथे तक्ते, बिलं, फाइली लावणं अशी कामं ढकला. सलग वेळेत सूचना बंद ठेवा, फोन पालथा ठेवण्यापेक्षा खणात ठेवा, आणि सहकाऱ्यांना सांगून ठेवा: ‘साडेअकरापर्यंत मी उत्तर देणार नाही, अगदीच अडलं तर फोन करा.’ तातडीसाठी एक वाट उघडी असली की बाकीच्या वाटा बंद ठेवायला कोणाची हरकत नसते.

तरीही कोणीतरी येणारच. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एका कामातून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, विशेषतः ते अपुरं सुटलं असेल तर. त्यांच्याच नंतरच्या कामातून निघालेला उपाय फार सोपा आहे: उठण्याआधी कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. ‘तक्ता ४ ची बेरीज जुळत नाही, मार्चचा आकडा तपासणे.’ वीस सेकंद लागतात. समोर उभा असलेला माणूस तेवढा थांबतो.

घड्याळ लावून २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती घ्यायची पोमोदोरो पद्धत अनेकांनी ऐकलेली असते. टाळाटाळ चाललेलं काम सुरू करायला ती चांगली. पण लेखन किंवा प्रोग्रामिंगमध्ये सूर लागायलाच पंधरा मिनिटं जातात आणि घंटा त्याच वेळी वाजते. पहिल्या २५ मिनिटांसाठी घड्याळ लावा, सूर लागला तर घंटेकडे दुर्लक्ष करा.

ईमेल आणि संदेश

दिवसातून तीन वेळा: सकाळी पहिल्या सलग कामानंतर, जेवणानंतर, आणि दिवस संपायच्या तासभर आधी. ज्यांची नोकरीच संदेशांना उत्तरं देण्याची आहे त्यांना हे लागू नाही.

प्रत्येक संदेश उघडला की तिथेच त्याचा निकाल लावा. नको असेल तर काढून टाका किंवा संग्रहात (आर्काइव्हमध्ये) ढकला. दोन मिनिटांचं काम असेल तर हातासरशी करून टाका. त्याहून मोठं असेल तर यादीत योग्य नोंद करा आणि संदेश संग्रहात पाठवा. दुसऱ्याचं असेल तर पुढे पाठवून ‘वाट पाहतोय’मध्ये ओळ लिहा. दोन मिनिटांचा नियम या वेळेपुरताच आहे. सलग कामाच्या मध्ये तो वापरला तर दोन-दोन मिनिटांत सकाळ संपते.

‘वाचलेलं नाही’ अशी खूण करून आठवण ठेवण्याची सवय मोडा. ती खूण काय करायचं ते सांगत नाही, आणि चुकून पुन्हा उघडलं की जाते. वीस फोल्डर करण्याचीही गरज नाही. एक संग्रह आणि शोधपेटी पुरते. फक्त आपोआप येणारे अहवाल आणि सूचना एका फिल्टरने वेगळ्या फोल्डरात वळवा.

स्वतः लिहिताना पहिल्या ओळीत काय हवं, कोणाकडून आणि कधीपर्यंत हे लिहा, पार्श्वभूमी खाली. एक प्रश्न पाच जणांना विचारला की प्रत्येकाला वाटतं दुसरा उत्तर देईल. म्हणून प्रत्येक मागणीपुढे एकच नाव लिहा. जीमेलमध्ये पाठवलेला ईमेल मागे घेण्याची मुदत सेटिंगमधून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. ती वाढवून ठेवा, जोडपत्र राहिल्याचं बहुधा पाठवल्या क्षणीच लक्षात येतं.

फाइली

नावाचा एकच साचा ठरवा: तारीख, प्रकल्प, कागदाचा प्रकार, आवृत्ती. उदाहरणार्थ ‘२०२५-०३-०७_प्रशिक्षण_आराखडा_आ०२’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, कारण संगणक नावं डावीकडून तुलना करत लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात. तारखेत तिरकी रेघ वापरू नका, विंडोज ती फाइलच्या नावात स्वीकारत नाही. आवृत्ती दोन अंकी ठेवा, नाहीतर अनेक ठिकाणी १० हा २ च्या आधी दिसतो. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अगदी अंतिम’ ही नावं कायमची बंद. फोल्डर तीन पातळ्यांहून खोल नको. सामायिक काम जोडपत्राने न पाठवता एकाच फाइलच्या लिंकने पाठवा, म्हणजे पाच जणांकडे पाच आवृत्त्या होत नाहीत. महत्त्वाच्या गोष्टींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी.

बैठकीबद्दल एवढंच: बैठक संपल्यावर त्याच दिवशी तीन रकाने पाठवा, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. सविस्तर इतिवृत्त सवडीने निघालं तरी चालतं. हे तीन रकाने दुसऱ्या दिवसावर गेले की प्रत्येकाच्या आठवणीतली बैठक वेगळी होते.

आढावा

वरचं सगळं टिकतं ते आढाव्यावर. दिवसाच्या शेवटी दहा मिनिटं: आज आलेल्या चिठ्ठ्या आणि तोंडी कामं यादीत घालायची, उद्याचं कॅलेंडर पाहायचं, उद्याचं पहिलं काम लिहून ठेवायचं आणि त्याला लागणारी फाइल काढून ठेवायची.

आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं द्या. आठवड्याचा शेवटचा दिवस, दुपार, हे चांगलं, कारण राहिलेल्या गोष्टींसाठी माणसं अजून जागेवर असतात. या क्रमाने जा: आधी सगळ्या आवकवाटा रिकाम्या करा (१५ मिनिटं). मग मागच्या आठवड्याचं कॅलेंडर चाळा, बैठकीत दिलेला एखादा शब्द नोंदवायचा राहिलेला हमखास सापडतो. पुढच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर पाहा आणि त्याची तयारी आजपासून लागते का ते ठरवा. ‘वाट पाहतोय’मधल्या ज्यांची तारीख उलटली त्यांना लगेच आठवण करा. प्रत्येक प्रकल्पाला पुढचं पाऊल आहे ना, बघा. पाऊल नसलेला प्रकल्प थांबलेलाच असतो, फक्त कोणी सांगत नाही. शेवटी उघडी कामं मोजून तो आकडा आणि या आठवड्यात पुरी झालेली कामं शेजारी लिहा. चार आठवडे आकडा वाढतच असेल तर तुम्ही हळू नाही, आवक जास्त आहे, आणि हे चार आकडे वरिष्ठांशी बोलायला पुरेसे आहेत.

चार आढाव्यांत हात न लागलेली ओळ तशीच पुढे नेऊ नका. ती करायची तारीख ठरवा, दुसऱ्याला द्या, ‘कधीतरी’मध्ये टाका, किंवा ज्याने सांगितलं त्याला ‘हे होणार नाही’ असं स्पष्ट कळवून खोडा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त एक यादी आणि रोजची दहा मिनिटं. दुसऱ्यात ‘चालू’ची मर्यादा आणि अंदाजांची नोंद. तिसऱ्यात आठवड्याचा आढावा, चौथ्यात ईमेलच्या वेळा. फाइलींची नावं नव्या फाइलींपासूनच बदला. जुन्या हजार फाइली बसून बदलण्यात अर्थ नाही, त्या शोधून सापडतात.

लांबची रजा, आजारपण किंवा एखादा धावपळीचा पंधरवडा गेला की ही व्यवस्था कोलमडते. तेव्हा जुनी यादी दुरुस्त करत बसू नका. तिच्यावर तारीख घालून बाजूला ठेवा, कोरं पान घ्या, आणि वीस मिनिटांत आठवतील ती कामं, कॅलेंडरवरच्या मुदती आणि मागच्या तीन दिवसांचे संदेश एवढंच त्यावर उतरवा. त्यातली तीन ‘चालू’ ठरवा आणि कामाला लागा. जुन्या यादीवरून पुढच्या आढाव्यात एकदा नजर फिरवा. जे अजून जिवंत आहे ते नव्या पानावर येईल, बाकीचं त्याच पानावर राहू द्या.